डोंगरीचा अबोला

कॅजिटन मुनीस ह्यांच्यावर भाईंदरच्या काही मंडळींनी मध्यंतरी एक पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, पुढे हार घातलेला फोटो, आत मान्यवरांचे संदेश. मिठाच्या वॅगनी भरून घेणारा एक कारकून असेंब्लीत पोचला, पक्षाचा व्हिप झाला, सेहेचाळीस साली पुन्हा निवडून आला आणि सभागृहात पक्षाचा उपनेता म्हणून बसला, हे सगळं तिच्यात आहे आणि खरंही आहे. डोंगरीचं नाव मात्र एकदाच येतं, आईचं माहेर म्हणून. मी डोंगरीचा. माझी आजी, माझे चुलते, आमची अख्खी वाडी त्या प्रकरणात होती, आणि पुस्तिका काढणाऱ्यांपैकी एकही माणूस आमच्याकडे विचारायला फिरकला नाही. तेव्हा मीच लिहून टाकतो. ज्यांना हार घातलेला फोटो पुरतो त्यांनी पुस्तिका वाचावी.

कॅजिटनचा बाप मिठागरावर राबला आणि दारूने गेला. आईने मासळी विकून पोराला वाढवलं. शाळेच्या सुट्ट्या लागल्या की ती त्याला डोंगरीला भावाकडे आणून सोडायची, म्हणून आमच्या गावातले निम्मे लोक त्याचे मामा आणि उरलेल्या सगळ्या माम्या. त्यातली सख्खी मामी म्हणजे मोनिका. तिने त्याला स्वतःच्या पोराच्या, पेद्रूच्या, आधी मांडीवर घेतलेला. पोरगा थोडं इंग्रजी शिकला, भाईंदर स्टेशनात मिठाच्या वॅगनी भरल्या जात तिथे कारकून झाला, आणि सगळं सुरळीत चाललं असताना तीस सालच्या चळवळीत नोकरीवर पाणी सोडून तुरुंगात गेला.

तुरुंगात त्याने दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली. ही शपथ दिखाऊ नव्हती, बाप डोळ्यांदेखत गेला होता त्याच्या. बाहेर आला तो खादीचा सदरा घालून. आमच्याकडे तेव्हा खादी घातलेला ख्रिस्ती माणूस बघायला लोक दारात येत. पण देवाने त्याला वाणी दिली होती. तो बोलायला लागला की बाजाराला निघालेल्या बायका डोक्यावरची टोपली तशीच सावरत उभ्या राहायच्या, आणि मासळी उन्हात खराब झाली की त्यालाच शिव्या घालायच्या.

सदतीस साली असेंब्लीची निवडणूक आली. ख्रिस्ती लोकांची जागा वेगळी, मतदारही वेगळे, आणि ते तरी सगळे कुठे? ज्याच्या नावावर जमीन-झाडं, जो सरकारात पट्टी भरतो, त्यालाच मत. डोंगरीत घराघराच्या नावावर ताडाची झाडं होती. पुरुष माणसं दोर लावून झाडावर चढायची, मडकी बांधायची, सकाळी ताडी उतरवायची, आणि त्यावर घर चालायचं. त्यामुळे गाव एवढंसं असूनही मतं भरपूर होती, आणि डोंगरी ज्याच्या मागे जाईल त्याच्या मागे आजूबाजूच्या वाड्याही जायच्या. हे कॅजिटनला पक्कं माहीत होतं.

बस्त्याव पाटलाच्या अंगणात जमात, म्हणजे आमची गावपंचायत, बसली. बस्त्याव हा जमातीचा पाटील, कॅजिटनच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे त्याचाही मामाच. उंच, काटक, कमी बोलणारा. कॅजिटन धक्क्याबद्दल बोलला, शाळेबद्दल बोलला, भाईंदरला जायच्या रस्त्याबद्दल बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बस्त्यावने एकच प्रश्न विचारला, की तुझा पक्ष ताडी बंद करणार म्हणतात, तेव्हा तू काय करशील.

मला ताडी आवडत नाही, ती बंद झालेली मला हवीच आहे, एवढं कॅजिटनने तेव्हा सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. निवडून मात्र आला नसता. तो म्हणाला, "मामा, तुमच्या पोटावर पाय येईल असं काय बी माझ्या हातून होनार न्हाय."

आता डोंगरीत शब्द नुसता तोंडाने देऊन भागत नसे. त्या सकाळची उतरवलेली ताडी करवंटीत ओतायची, शब्द देणाऱ्याने आधी प्यायची, मग पाटलाने, मग त्याच करवंटीतून घरटी एकेका पुरुषाने. लग्न ठरवताना हेच, होडी भागीत घेताना हेच, भांडण मिटवतानाही हेच. करवंटी कॅजिटनसमोर आली. त्याची शपथ सगळ्यांना ठाऊक होती. बरोबर आलेला ठाण्याचा पक्षाचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. दारात बायकांबरोबर उभी असलेली मोनिकामामी म्हणाली, की पोराला अडचणीत घालू नका, नुसती ओठाला लावली तरी पुरे. पण कॅजिटनने करवंटी घेतली, डोळे मिटले आणि एका दमात रिकामी केली.

त्या दिवशी डोंगरी त्याची झाली. आमच्यासाठी ह्याने तुरुंगातली शपथ मोडली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मतं झाडून त्याला पडली. मला आजही राग येतो तो ह्या गोष्टीचा, की हे बघून त्याला भीती वाटायला हवी होती आणि तो खूश झाला.

असेंब्लीत तो लवकर वर चढला. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा, कोण कुठे उतरलाय, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्याला ठाऊक असायचं. पक्षाने त्याला व्हिप केलं. व्हिपचं काम सरळ असतं. मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाचा एकेक माणूस हजर राहिला पाहिजे आणि पक्ष सांगेल त्याच बाजूला गेला पाहिजे. कुणी चहा पीत बसला असेल तर त्याला उठवायचं, कुणी कुरकुरत असेल तर समजवायचं, कुणी पळत असेल तर दारात गाठायचं. हे काम कॅजिटनला चांगलं जमायचं.

एकोणचाळीस साली ते विधेयक आलंच. मुंबईत आणि आसपासच्या पट्ट्यात दारू बंद, ताडी बंद. पट्ट्याच्या हद्दीत डोंगरी होती.

त्या दिवसांत त्याला जेवण जात नव्हतं, असं त्याची बायको इझाबेल सांगायची. पक्षाच्या एका वडीलधाऱ्या पुढाऱ्याला त्याची अडचण कळली. त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि मायेने सांगितलं, की ताप आलाय म्हणून घरी राहा, तुमच्या एका मताने काही बिघडत नाही. कॅजिटनने नकार दिला. मी लोकांना घराघरातून उठवून आणतो आणि मी स्वतः पांघरूण घेऊन पडून राहू, हे मला जमणार नाही, म्हणाला. शिवाय बंदी त्याला मनापासून पटलेली होती. बापाचं मरण तो विसरला नव्हता. त्याचे सगळे मुद्दे बरोबर होते, फक्त ते दोन वर्षं उशिरा आले होते.

आदल्या दिवशी त्याने हे सगळे मुद्दे इझाबेलपुढे मांडले. ती बोंबील साफ करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुज्या असेंब्लीत शब्दाला काय म्हनतात मना ठाव न्हाय. डोंगरीत शब्दच म्हनतात." एवढं बोलून तिने पुढचा बोंबील हातात घेतला.

मतदानाच्या वेळी तो दारात उभा राहून आपले लोक आत सोडत होता. सगळे गेले. शेवटी तो स्वतः आत गेला. विधेयक भरभक्कम मतांनी पास झालं, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, आणि कॅजिटन खुर्चीवर बसून राहिला.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. बातमी दुसऱ्याकडून पोचायच्या आत तो स्वतः डोंगरीला आला. राई, मुर्धा, मोर्वा ही वाटेतली गावं करत उन्हातून चालत आला. बस्त्यावच्या अंगणात लोक जमले. कॅजिटनने बापाचं सांगितलं, दारूने उजाड झालेल्या घरांचं सांगितलं, पुढच्या पिढीचं सांगितलं. बोलला तो नेहमीसारखाच चांगला. कुणी मधे तोंड घातलं नाही. झाल्यावर बस्त्याव म्हणाला, "ताडी चांगली का वाईट, ह्ये आमी इचारलंच न्हाय. तू शब्द दिलावतास का न्हाय, येवढंच सांग."

"दिलावता," कॅजिटन म्हणाला.

बस्त्यावने मान हलवली आणि त्याच्याकडे न बघता जमातीला सांगितलं, की आजपासून ह्याच्याशी डोंगरीतलं कुणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही. झालं. ना आरडाओरड, ना शिवीगाळ. लोक उठून गेले. कॅजिटनने मोनिकामामीला हाक मारली. ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बंदी आली. पोलीस झाडं तपासत फिरू लागले. गावात मडकी उपडी पडली. कायदा पुढे कोर्टकचेरीत ढिला पडला म्हणतात, सरकारही गेलं, पण तोवर झाडावर चढणारे हात गोदीत आणि गिरणीत लागले होते. मोनिकामामीचा पेद्रू गावातला सगळ्यात चांगला चढणारा. गोदीत त्याचं मन रमेना, म्हणून तो आगबोटीवर खलाशी झाला. लढाई सुरू होती. बेचाळीसच्या सुरुवातीला कळलं की त्याची आगबोट बुडाली. वाचलेल्यांत त्याचं नाव नव्हतं.

मामीने त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, करू दिली नाही. पेद्रू गेला असं ती कुणाला बोलू देत नव्हती आणि स्वतःही बोलत नव्हती. कॅजिटन भेटायला आला, तिच्या दाराबाहेर बराच वेळ उभा राहिला. शेजारपाजारचे त्याच्या बाजूने येत-जात राहिले. शेवटी तो परत गेला.

त्याच वर्षी ऑगस्टात सरकारने काँग्रेसवाल्यांची धरपकड सुरू केली. कॅजिटनच्या नावाचं वॉरंट निघालं. तो निसटला, पण जाणार कुठे? त्याला मानणारी जेवढी घरं होती त्या सगळ्यांवर पोलिसांचा डोळा होता. भाईंदरला इझाबेलच्या दारात शिपाई बसवला होता. शेवटी त्याने हिशेब केला, की पोलीस जिथे शोधणार नाहीत असं एकच गाव आहे. तिथले लोक त्याचं तोंड बघत नाहीत हे सगळ्या मुलखाला माहीत होतं.

दिवस मावळता मावळता तो मोनिकामामीच्या अंगणात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, पाय चिखलाने भरलेले. बस्त्याव आणि आणखी काही जण तिथे जाळं विणत होते. कॅजिटन म्हणाला, "पोलीस मागं हायत. मना ठेवा असं म्हनत न्हाय. जा म्हना, आत्ता जातो."

कुणी काही बोललं नाही. माझे चुलते ही गोष्ट सांगताना इथे हसायचे. जा म्हणायचं तरी त्याच्याशी बोलावं लागणार. सगळे बस्त्यावकडे बघत राहिले आणि बस्त्याव जाळ्याकडे. मग मामी आत गेली, भात आणि कालवण वाढून आणलं, ताट ओट्यावर ठेवलं आणि कॅजिटनकडे पाठ करून आत निघून गेली. आपल्या घरी गेल्यावर बस्त्याव एवढंच म्हणाला, की बोलायचं नाही असं ठरलंय, जेवायला घालायचं नाही असं कुठे ठरलंय?

असा तो राहिला. मामीच्या घरामागच्या खोपटात झोपायचा. मामीने पेद्रूची पँट आणि सदरा त्याच्या उशाशी आणून ठेवला. तो होड्यांतलं पाणी उपसायचा, दोर वळायचा, बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर बायकांच्या बाजूला उभा राहून काम करायचा. काम त्याला खुणेने दाखवायचे किंवा त्याच्यापुढे आणून टाकायचे. दिवसाकाठी शेकडो शब्द त्याच्या आजूबाजूने जायचे, त्याच्याकडे एकही यायचा नाही. माझी आजी म्हणायची, की सुरुवातीला तो काहीबाही बोलायचा, उत्तर नाही आलं तरी बोलायचा. मग थांबला. एकदा तो खोपटामागे बसून स्वतःशीच असेंब्लीतली नावं म्हणताना तिने ऐकलं. तिला फार वाईट वाटलं आणि ती तिथून लगबगीने निघून गेली.

पोलीस एकदा आले, वरवर बघून गेले. डोंगरीत तो असणार नाही ह्यावर त्यांचा विश्वास होता. मग ठाण्याला नवा फौजदार आला. हा माणूस हुशार होता, आणि घाई करणारा नव्हता. कॅजिटनला मात्र त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

तो रविवारी सकाळी आला, दोन-तीन शिपाई घेऊन. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. देवळासमोरच्या अंगणात क्रूस आहे, त्याच्या ओट्यावर तो बसला. पहिली घंटा झाली होती, लोक आत चालले होते. बस्त्याव दिसल्यावर त्याने त्याला जवळ बोलावलं, विडी पुढे केली, पिकापाण्याची विचारपूस केली. मग म्हणाला, की तुमच्या जमातीची शिस्त मोठी कडक आहे, असं भाईंदरला ऐकलं. त्या कॅजिटन मुनीसशी म्हणे तुमच्या गावाने अबोला धरलाय.

बस्त्याव जमातीचा पाटील होता आणि ह्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. तो ताठ झाला. म्हणाला, तीन सालं झाली, डोंगरीचं कुणी त्याच्याशी शब्द बोललेलं नाही.

"समोर आला तरी?" फौजदाराने विचारलं.

"समोर आला तरी."

"गावात येऊन राहिला तरी?"

आपण काय बोलून बसलो ते बस्त्यावच्या तेव्हा लक्षात आलं. गावात कशाला येईल तो, असं काहीसं तो पुटपुटला. फौजदार हसला. मिस्सा झाली की लोक अंगणात थांबून गप्पा मारतात म्हणे, म्हणाला. "मी बसतो इथंच. कोण कुणाशी बोलतंय ते बघायला मला आवडतं."

देवळाच्या मागच्या दारावर एक शिपाई जाऊन उभा राहिला होता. फाटकावर दुसरा. कॅजिटन आत होता, खांबाशेजारी, पेद्रूचा सदरा घालून. इतके दिवस तो सगळ्यांबरोबर मिस्सेला येत होता, त्यात काही वेगळं नव्हतं. आज तेच त्याला नडणार होतं. बस्त्याव आत जाऊन बसला. पाद्री काय बोलत होते ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. ह्याला सांगावं कसं? आणि सांगून तरी काय, बाहेर पडायला जागा नव्हती. कुजबुज बाकांवरून सरकत गेली. थोड्याच वेळात सगळ्या देवळाला कळलं की बाहेर कोण बसलंय आणि कशासाठी बसलंय. एकट्या कॅजिटनलाच कुणी सांगितलं नाही.

मिस्सा झाली. लोक बाहेर आले, नेहमीसारखे घोळक्याघोळक्याने उभे राहिले, आणि बोलू लागले. सगळेच जरा जास्त मोठ्याने बोलत होते. मग कॅजिटन बाहेर आला.

पायरीवरच त्याला खाकी दिसली आणि तो थबकला. परत फिरणं शक्य नव्हतं. तो अंगणात उतरला. लोकांनी सवयीने त्याला वाट दिली, सवयीने नजर दुसरीकडे नेली, आणि एवढ्या भरलेल्या अंगणात त्याच्याभोवती मोकळी जागा तयार झाली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं ते. पण फौजदार ज्यासाठी येऊन बसला होता ते नेमकं तेच होतं. तो सावकाश उठला आणि त्याने कमरेचा पट्टा सारखा केला.

एकाच माणसाने हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण जमातीचा निवाडा जमात बसल्याशिवाय मोडत नाही, आणि मोडेल त्याच्या वाट्याला तीच शिक्षा. माझे मोठे चुलते त्या घोळक्यात होते. ते म्हणायचे, की तोंड उघडलं होतं मी, पण जीभ उचलेना. कॅजिटनने सगळीकडे एकदा बघितलं. आपल्यापायी गावावर संकट नको, म्हणून असेल, त्याने स्वतःच फौजदाराच्या दिशेने पाऊल टाकलं.

"इनास," बस्त्याव ओरडला.

तोंडाला आलं ते नाव त्याने घेतलं होतं. बस्त्याव लोकांतून वाट काढत त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "होडीतलं पानी उपसलंस? का मिस्सा झाली की ताटावर बसायला मोकला? इकडं बघ, मी तुज्याशी बोलतोय."

ज्याने निवाडा केला होता त्यानेच तो सगळ्यांदेखत मोडला. पुढच्या आठवड्यात बस्त्यावने पाटीलकी सोडली. कुणी सोड म्हटलं नव्हतं, पण नियम त्याला इतरांइतकाच लागू होता. त्या क्षणी मात्र कॅजिटनला उत्तर द्यायचंही भान राहिलं नाही. तीन वर्षांनी डोंगरीतलं कुणीतरी त्याच्याशी बोललं होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि फौजदार बघत होता.

तेवढ्यात माझे चुलते पुढे झाले आणि म्हणाले, की काल दोर उन्हात टाकून गेलास तो कोण आवरणार. मग आणखी एक जण बोलला. मग बायका. एकदा सुरुवात झाल्यावर बोलण्याला आवर राहिला नाही. आळशी म्हणाले, खादाड म्हणाले, गावाला बुडवलंस म्हणाले. इनास नावाच्या कुठल्यातरी माणसाच्या नावावर तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं त्याच्या अंगावर आलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

फौजदार घोळक्यात शिरला. त्याने नाव विचारलं. कॅजिटन म्हणाला, इनास. कुणाचा, असं त्याने विचारायच्या आत मोनिकामामी मधे आली. लुगड्याचा काष्टा घट्ट केलेला, अंगाने बारीक, आवाज मात्र देवळाच्या भिंतीवर आपटून परत येईल असा.

"माज्या घरचा हाय," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याच्या बहिनीचा पोर. माज्या जिवावर बसून खातोय."

"एवढं का बोलता बाई त्याला?"

"बोलू नको तं काय करू? ह्याच्यापायी माजी झाडं गेली. घरातला कमावता हात गेला. गोड बोलून घात केला ह्यानं, आनि आता दोन येला मीच ह्याला वाढते. घेऊन जातास का? घेऊन जा, माजं एक ताट तरी वाचंल."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेवटचं ऐकून काही लोक शिपायांकडे बघायला लागले. फौजदाराने कॅजिटनकडे नीट बघितलं. भरलेले डोळे, पडलेले खांदे, अंगाला घट्ट होणारा सदरा. असेंब्ली गाजवणारा माणूस त्याने वेगळाच डोळ्यासमोर धरला असणार. तो हसला. आमच्याही घरी असाच एक आहे, बाई, म्हणाला, आणि शिपायांना हाक मारून उत्तनच्या वाटेला लागला.

ते वळणाआड जाईपर्यंत लोक बोलत राहिले. मग हळूहळू सगळं थांबलं. काम झालं होतं, आणि आता पुढे काय हे कुणालाच कळत नव्हतं. अबोला मोडला होता की फक्त पोलिसांपुरता सोडला होता? बस्त्याव क्रुसाच्या ओट्यावर खाली मान घालून बसला. एकेक जण कॅजिटनवरून नजर काढून घेऊ लागला. ती मोकळी जागा पुन्हा तयार व्हायला लागली.

मोनिकामामी तिथून हलली नाही. तिचं बोलणं संपलं नव्हतं, फक्त आवाज खाली आला होता.

"पेद्रू बुडला," ती म्हणाली.

हे तिने आजवर कुणापाशी म्हटलं नव्हतं. बायका तिला धरायला पुढे आल्या. तिने हाताने त्यांना मागे सारलं.

"तू तिकडं हात वर केलास नि माजा पेद्रू बोटीवर गेला नि बुडला. रोज तुना भात वाढताना वाटायचं, इचारावं, का केलंस रं असं? इचारता येत नव्हतं. आता सांग."

कॅजिटनला बापाचं मरण सांगता आलं असतं. उजाड घरं सांगता आली असती. ते सगळं त्याला पाठ होतं. ते सोडून तो सगळ्या गावासमोर म्हणाला, "मत तं मी देनारच व्हतो, मामी. खोटा व्हता तो शब्द. पिताना बी मना ठाव व्हतं. मना निवडून यायचं व्हतं."



"ह्येच मत देऊन आलास त्या दिवशी आंगनात सांगितलं असतंस," मामी म्हणाली, "तं जमात कायबी म्हनो, मी तुज्याशी बोलले असते."

मग तिने डोळे पुसले आणि घराकडे निघाली. थोडं पुढे जाऊन ती थांबली, आणि तो येतोय का ते बघू लागली.